करडांचा चारा पायाखाली जाऊ देऊ नका



ऊस विकास विभागाच्या पानावर शेळीच्या करडांचा विषय कसा काय आला, असे काही जण विचारतील. लागणीच्या तारखा, बेणे, खोडव्याची निगा, ठिबक याच गोष्टी आम्ही येथे नेहमी लिहीत असतो. परंतु उसाच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही व आमचे चिटबॉय वस्त्यांवर फिरतो, तेव्हा उसाच्या प्लॉटच्या अगोदर अंगणातली दावण नजरेस पडते. अंबड, घनसावंगी, परतूर या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे ऊस आला हे खरे. पण मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना हा वरखर्च पुष्कळ घरांतून अजून शेळीवरच निघतो. उसाचे बिल ठरल्या वेळी येते, शेळी मात्र अडीनडीला कोणत्याही आठवडी बाजारी उभी करता येते. शिवाय तिचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या दावणीला दोन गोष्टी आम्हाला फार ठिकाणी सारख्याच दिसतात. एक म्हणजे शेळ्यांच्या व करडांच्या पायाखाली तुडवलेला, लेंड्या-मुतात भिजलेला चारा. दुसरी म्हणजे दोन-अडीच महिन्यांची, केस उभे राहिलेली, शेपटीखाली घाण लागलेली करडे. घरधनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरतो. चारा वाया गेला तर म्हणतो, शेळीची जातच खोडकर. करडू मेले तर म्हणतो, हवा लागली. आमच्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळ वेळा एकच असते, आणि ते म्हणजे जमिनीवर टाकलेला चारा.

हे कसे, ते जरा सविस्तर सांगतो.

शेळी ही गायी-म्हशीसारखी जीभ फिरवून गवताचा घास ओढणारी नाही. तिचा वरचा ओठ चपळ असतो. ती ओठाने निवडते, कोवळे पान खाते, काडी सोडते. उंचावरचा पाला तिला जास्त आवडतो. बोरी-बाभळीला पुढचे पाय टेकून उभी राहिलेली शेळी आपण रोज पाहतो. पायाखाली पडलेल्या, घाण वास लागलेल्या चाऱ्याला ती सहसा तोंड लावीत नाही. करडू तर आणखी नखरेल. म्हणजे आपण पेंढी सोडून जमिनीवर फेकली की ती पाच मिनिटांत पाने वेचते, उरलेल्यावर उभी राहते, तिथेच लेंड्या टाकते आणि मग आपल्याकडे बघून ओरडते. आपल्याला वाटते भूक आहे, आपण आणखी एक पेंढी टाकतो.

आता दुसरी बाजू. भुकेले करडू शेवटी तोच घाण चारा चघळते. करडांच्या लेंड्यांतून रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी बाहेर पडतात. ओल मिळाली की थोड्याच दिवसांत ती रोग लावण्याजोगी होतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातात. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतची करडे याला अधिक बळी पडतात. मोठी शेळी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या लेंड्यांतूनही हा प्रसाद पडत असतो. जंतांचेही तसेच. तेव्हा जमिनीवर सांडलेल्या चाऱ्याचा खर्च आपण दोनदा भरतो, एकदा चाऱ्याच्या पैशात आणि नंतर करडाच्या रूपाने.

चाऱ्याची किंमत या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकला. २०१२-१३ साली जालना जिल्हा राज्यात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्या तोडून सरपणाला घातल्या. त्या साली कडब्यासाठी फिरलेल्यांना पेंढीचा हिशेब पाठ आहे. पाऊस बरा झाला की मात्र आपण तो विसरतो.

सभासदांनी एक प्रयोग घरी करून पाहावा, त्याला खर्च काही नाही. सकाळी चारा टाकताना तो ताणकाट्यावर मोजा. संध्याकाळी जमिनीवर पडलेला सगळा चारा झाडून, झटकून पुन्हा मोजा. समजा १२ किलो टाकला आणि ३ किलो खाली निघाला. महिन्याला ९० किलो झाले, आणि जानेवारी ते जून या टंचाईच्या सहा महिन्यांत ५४० किलो. वाढत्या करडाला रोज १ किलो हिरवा चारा धरला, तर आठ करडांचा दोन महिन्यांहून अधिक दिवसांचा चारा आपण झाडूने उकिरड्यावर लोटला. तुमच्या घरचा आकडा याहून कमी निघेल किंवा जास्त, पण तो स्वतः काढलेला असावा. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्याने कोणाच्या घरची गव्हाण बदलत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आता करडाच्या पोटाविषयी. हे समजले की पुढचे सगळे आपोआप सुचते.

करडू जन्मते तेव्हा त्याची चार पोटे असली तरी चालते फक्त चौथे, म्हणजे खरे पोट. दूध ओढताना अन्ननलिकेची एक खाच मिटून नळी होते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात जाते. रवंथ करणारे कोठीपोट या वेळी लहान व कच्चे असते. ते वाढते ते सुक्या व घट्ट खाण्याने. खुराकामुळे त्याच्या आतल्या कातडीला लव फुटते, चाऱ्यामुळे त्याचा आकार व ताकद वाढते. नुसत्या दुधावर ठेवलेले करडू दोन महिने गुबगुबीत दिसते आणि दूध तुटले की एकदम खंगते, कारण चारा पचवणारे पोट तयारच झालेले नसते.

म्हणून पहिला तासभर चिकाचा. करडू उभे राहिले की सड पुसून, पहिली धार काढून टाकून त्याला पाजावे. आपल्या उस्मानाबादी शेळीचे करडू जन्मतः सव्वादोन किलोच्या आसपास असते. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २०० ते २५० ग्रॅम चीक तीन-चार वेळा मिळून पोटात गेला पाहिजे. वार पडेपर्यंत पाजायचे नाही, ही जुनी समजूत काही घरांत अजून चालते. ती सोडून द्यावी. रोगाशी झगडण्याची ताकद करडाला चिकातूनच मिळते, आणि जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती कमी होत जाते. उस्मानाबादी जुळी देणारी जात. तेव्हा दोहोंपैकी दांडगे करडू दोन्ही सडांवर हक्क सांगते, इकडे लक्ष असावे.

दुसऱ्या आठवड्यापासून करडू काडी तोंडात धरू लागते. येथून पुढे ‘करडांचा कप्पा’ पाहिजेच. गोठ्याचा एक कोपरा आडोसा लावून वेगळा करायचा आणि त्याला उभ्या दांड्यांचे दार करायचे, दोन दांड्यांत सुमारे ६ इंच फट. करडू आत-बाहेर करते, शेळी येऊ शकत नाही. तुऱ्हाट्या, बांबू, जुन्या ठिबकचा पाईप, जे घरी असेल ते चालते. आत चिमूटभर खुराक आणि कोवळा पाला. एवढे केले नाही तर करडांच्या नावाने ठेवलेला खुराक शेळ्याच फस्त करतात, आणि करडे त्यांच्या पायांत तुडवली जातात ते वेगळेच.

कप्पा केला तरी भांडे चुकले तर उपयोग होत नाही. परतूरकडच्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो, तेथे मावशींनी कप्पा छान केला होता, पण खुराक घमेल्यात ठेवला होता. तीन करडे घमेल्यात चढून बसलेली. आम्ही म्हटले, “मावशी, हे ताट आहे का पलंग?” त्या म्हणाल्या, “साहेब, लेकरं हायती, बसणारच की.” मावशींचे बरोबर होते. करडू उंच जागा दिसली की चढणारच. तेव्हा चढता येणार नाही असे भांडे ठेवणे हे आपले काम.

आम्ही सुचवतो ती रीत अशी. प्लास्टिकचा जुना ड्रम उभा कापून दोन पन्हाळी करा. (फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नये, कितीही धुतला तरी नाही.) पन्हाळ लाकडी घोडीवर असे बसवा की त्याचा काठ करडाच्या छातीच्या उंचीला येईल. पन्हाळाच्या वर, लांबीभर, एक आडवी दांडी किंवा पाईप बांधा. दांडी व काठ यांत एवढेच अंतर ठेवा की डोके जाईल, अंग जाणार नाही. करडे मोठी होतील तशी घोडीखाली वीट सरकवत जायचे. प्रत्येक करडाला काठाशी एक वीतभर जागा मिळाली पाहिजे, नाहीतर दुबळे मागे राहते. पन्हाळ कधी काठोकाठ भरू नये. तिसरा हिस्सा भरावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. थोडे घातलेले चाटून पुसून खाल्ले जाते, जास्त घातलेले हुंगून विखुरले जाते.

हिरव्या पाल्यासाठी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे शेवरी, सुबाभूळ, हादगा यांच्या डहाळ्यांची जुडी बांधून दोरीने करडांच्या तोंडाच्या जरा वर टांगणे. दोरीचे टोक लोंबते ठेवू नये, आणि मोठ्या भोकांची जाळी तर लहान करडांसाठी वापरूच नये, मान किंवा पाय अडकून करडू फासावर जाते. लसूणघासासाठी तिरकस दांड्यांची गव्हाण भिंतीला लावता आली तर उत्तम. तिच्याखाली एक पत्रा किंवा पाटी हवीच. लसूणघास किंवा तुरीचे भुसकट हाताळताना गळतो तो पालाच, आणि सत्त्व काडीपेक्षा पाल्यातच जास्त. दांडे खाल्ले गेले आणि पाला मातीत गेला, तर उलटाच व्यवहार झाला म्हणायचा.

पिंजऱ्यातले ससे पाळणाऱ्यांनीही हेच ध्यानी घ्यावे. सशाची पिल्ले भांड्यात बसतात, पंज्याने दाणा उकरून खाली पाडतात. भांड्याचा काठ आत वळवलेला असला आणि भांडे थोडेच भरले की हे कमी होते. जनावर बदलले तरी लहान जिवाची खोड तीच.

खुराकाविषयी बोलायचे तर बाजारातून तयार घेण्याची जरूर नाही. जालना हे डाळ मिलचे गाव, तूर चुनी मिळायला अडचण नाही. १० किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ४ किलो, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड ३ किलो, तूर चुनी दीड किलो, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम आणि मीठ १०० ग्रॅम, असे प्रमाण चालते. सरकी पेंड लहान करडांना नको, ती पचवण्याजोगे त्यांचे पोट तयार नसते. दळण पिठासारखे बारीक करू नये; पीठ नाकात जाते, करडू शिंकते आणि अर्धे उडून जाते. जाडसर भरडा, आणि घालायच्या वेळी पाण्याचा हलका हबका. ओला केलेला खुराक मात्र तासाभराने उचलून घ्यावा, आंबला की हगवण ठेवलेली.

दोन आठवड्यांचे करडू १०-२० ग्रॅमच खाईल, महिन्याला ५० ग्रॅम, दोन महिन्यांना १०० ग्रॅम, तिसऱ्या महिन्याअखेर दीडशेपर्यंत. हे हळूहळूच वाढवावे. ईदच्या बाजारासाठी बोकड भरावा म्हणून काही जण एकदम ओंजळ-ओंजळ मका घालतात. त्यातून आंत्रविषार होतो. रात्री टुणटुण उड्या मारणारे, कळपातले सर्वांत चांगले करडू सकाळी मेलेले सापडते. याची लस आहे आणि पावसाळ्यापूर्वी ती टोचून घ्यावी. पीपीआरची लसही चुकवू नये. करडाला कितव्या महिन्यात कोणती, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावे.

दहा किलोच्या करडाला दिवसाला कोरडे धरून सुमारे ४०० ग्रॅम खाद्य लागते. म्हणजे १ किलो हिरवा पाला, दीडशे ग्रॅम तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट आणि मूठभर खुराक, एवढ्यात ते भागते. तुरीचे भुसकट आपल्या भागात अजूनही काही जण बांधावर पेटवून देतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण जिल्ह्यात घरोघर आहेत. शेंगा झोडल्यावर उरतो तो शेळीचा मेवाच. त्याला काडी लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता आमच्या खात्याची गोष्ट, उसाचे वाढे. तोडणी चालू असते तेव्हा वाढ्याची चंगळ असते आणि टोळीवाल्यांकडून भारे घेऊन लोक सगळ्या जनावरांपुढे टाकतात. मोठ्या जनावरांना वाढे जरूर द्यावे, पण कुट्टी करूनच. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये, कारण त्यातले ऑक्झलेट शरीरातला चुना बांधून टाकते. खनिज मिश्रण किंवा चुन्याची निवळी जोडीला हवी. तीन महिन्यांच्या आतील करडांना मात्र वाढे हे खाद्य नव्हे. त्यात प्रथिन कमी, पाते धारदार, पोट भरते पण अंग भरत नाही. म्हणून हंगामात वाटणी अशी करावी की वाढ्याची कुट्टी बैल, म्हैस आणि मोठ्या शेळ्यांना जाईल, आणि त्यामुळे वाचलेला लसूणघास, शेवरी, भुसकट करडांसाठी राहील. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आतील करडांना मुळीच देऊ नये.

युरियाचे नाव निघाले म्हणून एक सांगून ठेवतो. ठिबकमधून खत सोडण्यासाठी बादलीत विरघळवलेला युरिया शेळ्यांच्या वाटेवर ठेवू नका. तहानलेले जनावर ते पाणी पिते आणि तासाभरात तडफडू लागते. तसेच फवारणी केलेल्या कपाशीच्या बांधावरचे गवत आणि गुडघ्याएवढी कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी करडांपासून दूर ठेवावी.

सुबाभूळ गोड लागतो म्हणून तोच तो देऊ नये, एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात. दवाने भिजलेला लसूणघास सकाळी कापून लगेच घातला तर पोट फुगते. दोन-तीन तास सावलीत सुकवावा. उसाच्या पाटाकडेला, बांधाला शेवरीची एक ओळ लावली तर उन्हाळाभर कोवळा पाला मिळतो आणि पिकाचे विशेष काही अडत नाही. बियाणे व लागवडीची माहिती खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळू शकेल.

साठवणीतली नासाडी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पेंडीचे पोते जमिनीला किंवा भिंतीला टेकून ठेवले की ओल धरते आणि बुरशी येते. वरची बुरशी झटकून उरलेली पेंड घालणे धोक्याचे आहे. तिचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि ते आधी लहान करडांना मारते. पोती फळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. घूस-उंदरांनी खाल्ले त्यापेक्षा त्यांनी मुतून नासवले ते अधिक असते. भुसकटाच्या गंजीवर ताडपत्री मार्चच्या आधी पडावी, अवकाळीचा भरवसा नाही.

शेवटी उरलेल्या चाऱ्याचे. पन्हाळात किंवा गव्हाणीत उरलेल्या काड्या रोज सकाळी काढून बैल-म्हशीपुढे टाकाव्यात. शेळीच्या रक्ती हगवणीचे जंतू गायी-म्हशींना लागत नाहीत, आणि काडी त्यांना चालते. मोठ्या शेळ्यांपुढचे उरलेले मात्र उलट करडांकडे कधी आणू नये. जमिनीवर पडलेले तर कोणालाच घालू नये, ते लेंड्यांसह खड्ड्यात जावे. खोडव्याला त्याचे खत चांगले होते. कप्प्यातली जमीन दर आठ दिवसांनी झाडून चुना भुरभुरावा व कोरडी ठेवावी. पाण्याचे भांडे चाऱ्यापासून जरा लांब आणि काठ उंच असावा.

करडू तीन महिन्यांचे झाले, खुराक नीट खाऊ लागले, की दूध आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने तोडावे. त्या दिवशी दोरीच्या झोळीत घालून ताणकाट्यावर त्याचे वजन करावे. आठ ते दहा किलो भरले तर कप्पा व पन्हाळ यांनी आपले काम केले. पाच-सहाच भरले, तर दुसरे काही शोधण्यापूर्वी संध्याकाळी गोठ्यात जाऊन जमिनीकडे बघावे, आणि लेंड्यांचा नमुना घेऊन दवाखान्यात दाखवावा.